गल्लीचं नाक

पाक विद्यात्मोको यांचं नाक गेलं त्या सकाळी ते चेहऱ्याच्या मधोमध अगदी शाबूत होतं आणि त्यावर चष्माही नेहमीसारखा टेकलेला होता. गेला होता तो वास. आठवडाभर ताप आणि सर्दीने अंथरुणात काढल्यावर ते पहिल्यांदा उठून ओसरीवर बसले, बायकोने आणून दिलेला मोगऱ्याचा चहा तोंडाशी नेला, आणि त्यांना वाटलं की हिने चुकून नुसतं गरम पाणीच दिलंय. चहाचा रंग तर दिसत होता. त्यांनी पेल्यात नाक खुपसलं. चष्म्यावर वाफ आली, नाकात काही आलं नाही.

दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर घरात चार दिवस कुरकुर झाली असती आणि विषय संपला असता. पण पाक विद्यात्मोको यांचं नाक खाजगी मालमत्ता नव्हतं. जावा बेटावरच्या सालातिगा गावातल्या त्या उतरत्या गल्लीत त्यांना सगळे पाक म्हणत, म्हणजे बाबा, काका आणि साहेब तिन्ही एकदमच, आणि या मानाचा मोठा हिस्सा नाकाचा होता. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला गल्लीत कोण विचारतो? पण आदल्या वर्षी नमाजघराच्या स्वयंपाकघरात मोठं जेवण शिजायचं होतं, आणि बायका काडी ओढणार तोच पाक विद्यात्मोको दारातच थबकून म्हणाले होते, "थांबा. गॅस येतोय." तिथे खरंच नळी फुटली होती. पुढच्याच बैठकीत गल्लीने त्यांना एकमताने गल्लीप्रमुख केलं. आता हे पद बिनपगारी आणि उपद्व्यापाचं, त्यामुळे एकमत जरा जास्तच चटकन झालं होतं. पण पाक विद्यात्मोको यांनी त्याचं सगळं श्रेय नाकाला दिलं. तेव्हापासून कुणाच्या घरातलं दूध नासलंय की नाही, मासळी ताजी आहे की कालची, गटार तुंबलंय ते वरच्या अंगाला की खालच्या, हे सगळं त्यांच्याकडे यायचं. ते डोळे मिटायचे, मान किंचित वर करायचे आणि निकाल द्यायचे. अपील नसायचं.

आणि आता त्या न्यायालयाला कुलूप लागलं होतं.

घरात कुणाला न सांगता ते गावातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी नाकात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की सर्दीच्या विषाणूने नाकाच्या छतापाशी जिथे वास कळतो तिथल्या पेशींना दणका दिलाय. त्या पुन्हा उगवतात, पण आपल्या सवडीने. काहींच्या काही आठवड्यांत, काहींच्या वर्षभरात, आणि काहींच्या बाबतीत, बाई म्हणाल्या, बघू. त्यावर औषध असं नव्हतं, पण शिकवणी होती. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायचे आणि तो वास कसा होता ते आठवायचं. निघताना बाई म्हणाल्या, "आणि घरच्यांना सांगून ठेवा. गॅसच्या बाबतीत तुम्हाला आता दुसऱ्याच्या नाकावर राहावं लागेल."

पाक विद्यात्मोको यांनी "हो हो" म्हटलं. वजनमापे खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाने आपलंच माप खोटं ठरल्याचं घरी जाऊन सांगायचं? नाक बरं झालं की सांगायची वेळच येणार नाही, असा त्यांनी विचार केला. प्रकल्प छोटासा होता. चार बाटल्या आणि थोडा एकांत, एवढंच तर लागणार होतं.

लिंबू झाडाला होतं, लवंगा डब्यात होत्या, निलगिरीसारखं तेल त्या गल्लीत लेकरू जन्माला यायच्या आधी घरात येतं. अडलं ते गुलाबाशी. त्यासाठी ते बाजारात अत्तरवाल्याकडे गेले. अत्तरवाल्याने दहा प्रकारची अत्तरं त्यांच्या मनगटाला लावली आणि प्रत्येक वेळी विचारलं, "हे कसं वाटतं?" पाक विद्यात्मोको प्रत्येक वेळी मान डोलावत राहिले. शेवटी त्याने विचारलं, की कुणासाठी हवंय. ते पटकन म्हणाले, "बायकोसाठी." मागून कुणीतरी घसा खाकरला. समोरच्या घरातल्या बू कस्मिनाह, म्हणजे कस्मिनाहबाई, पिशवीत भाजी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं की पाक विद्यात्मोको यांचे कान गरम झाले.

झालं असं, की ते अत्तर बायकोला मिळालंच नाही. ते न्हाणीघरात, साबणाच्या जुन्या डब्यामागे गेलं. पाक विद्यात्मोको सकाळ-संध्याकाळ तिथे कडी लावून बसत आणि एकेक बाटली नाकाशी धरून डोळे मिटून गुलाब आठवत. इकडे बू कस्मिनाह यांनी कुंपणापाशी त्यांच्या बायकोला, बू मूर्तीनिंगला, मोठ्या प्रेमाने विचारलं, की तुझं गुलाबाचं अत्तर जरा हुंगू दे की. बू मूर्तीनिंगने काय उत्तर दिलं ते पाक विद्यात्मोको यांना कळलं नाही. मात्र त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं.

आणि स्वयंपाक बिघडला.

ही गोष्ट साधी नव्हती. बू मूर्तीनिंगच्या हाताला सगळ्या गल्लीत तोड नव्हती. तिचा सुकटाचा झणझणीत ठेचा लोक वाटी घेऊन मागायला येत. आता त्याच हातचा टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची तळलेली वडी, एका बाजूने काळा होऊन ताटात येऊ लागला. भात खालून लागलेला असे. आमटीत कधी मीठ दोनदा पडे तर कधी नाहीच. पाक विद्यात्मोको यांना जळका वास येत नव्हता, पण काळा रंग दिसत होता, आणि जिभेला खारट-तुरट तेवढं अजून कळत होतं. हा राग आहे, त्यांनी ओळखलं. बाई बोलत नाही, पण टेम्पे जाळते. त्यांनी निमूटपणे काळा टेम्पे खाल्ला आणि "वा, काय खमंग वास सुटलाय" असंही म्हणून पाहिलं. बू मूर्तीनिंगने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि ती उठून आत गेली.

बाहेर तर आणखीच तारेवरची कसरत चालली होती. एका दुपारी बू कस्मिनाह नारळाच्या दुधातल्या कोंबडीचं पातेलं घेऊन आल्या. घरी पाहुणे यायचे होते, रस्सा सकाळचा होता, आंबला तर नाही ना, एवढं पाकनी सांगावं. पाक विद्यात्मोको यांनी डोळे मिटले, मान वर केली, आणि ते म्हणाले, "उत्तम आहे. वाढा खुशाल." पाहुण्यांनी दुसरा दिवस बू कस्मिनाह यांच्या संडासाच्या दारात रांग लावून काढला. बू कस्मिनाह बिचाऱ्या पाहुण्यांच्याच पोटाला दोष देत होत्या, कारण पाकनी स्वतः हुंगलं होतं. ही निष्ठा पाक विद्यात्मोको यांना शिवीपेक्षा जास्त लागली.

गल्लीच्या टोकाला राहणारे पाक गुनार्दी मात्र इतके भोळे नव्हते. ते सैन्याच्या भांडारातून निवृत्त झालेले, आणि गल्लीप्रमुखपद आपल्याला नको असलं तरी विचारलं जायला हवं होतं, असं त्यांचं गेल्या वर्षापासून म्हणणं होतं. ते एक दिवस बोलता बोलता म्हणाले, "पाक, माझ्या घरचा ड्युरियन कसा पिकलाय, वास इथपर्यंत येतोय ना?" पाक विद्यात्मोको म्हणाले, "येतोय तर. घमघमाट आहे." पाक गुनार्दींच्या घरी ड्युरियन, म्हणजे ते फणसासारखं उग्र वासाचं फळ, नव्हतंच. ते नुसती मान हलवून गेले, आणि नंतर कधीतरी पाक विद्यात्मोको यांच्या लक्षात आलं की तो हंगामसुद्धा ड्युरियनचा नव्हता. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

तेवढ्यात एक आशेचा किरणही दिसला. एका संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर न्हाणीघरात गुलाबाची बाटली हुंगताना त्यांना खरोखर काहीतरी आल्यासारखं वाटलं. अगदी पुसट, लांबच्या कबरस्तानात कुणी फुलं वाहिल्यासारखं. त्यांनी पुन्हा हुंगलं. होता, नक्की होता. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. गुलाब आला, म्हणजे बाकीचे मागून येतील. त्या आनंदाच्या भरात त्यांनी स्वयंपाकघरातला रिकामा सिलिंडर काढून नवा जोडला, रेग्युलेटर बसवला, सवयीने वाकून हुंगलं आणि "ठीक आहे" असं स्वतःलाच सांगून ते बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी बू मूर्तीनिंग सकाळीच भिशीच्या बैठकीला निघून गेली होती. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. पाक विद्यात्मोको ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. तोच बू कस्मिनाह नातीला कडेवर घेऊन फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, की पाक, गॅसचा वास येतोय. आणि मग आश्वस्त होऊन, "तुम्हाला तर केव्हाच आला असेल म्हणा."

"हो," पाक विद्यात्मोको म्हणाले. "मी त्याचाच विचार करत होतो."

बघता बघता गल्ली जमली. प्रत्येकाकडे सल्ला होता. कुणी म्हणालं मीटरचा खटका पाडा, कुणी म्हणालं हात लावाल तर खबरदार, त्यातूनच ठिणगी उडते. एकाने मेहुण्याच्या गावी छप्पर कसं उडालं ते सविस्तर सांगायला घेतलं आणि छप्पर शेवटी कुठे पडलं हे त्याला आठवेना. पाक विद्यात्मोको यांनी सगळ्यांना शेगड्या बंद ठेवायला सांगितल्या, फोन घेऊन ते पार कोपऱ्यावर गेले आणि त्यांनी वॉर्ड कचेरीत फोन लावला. कचेरीतल्या बाईने सांगितलं, की गॅसचं आमच्याकडे नाही, वितरकाला विचारा. वितरकाकडचा माणूस म्हणाला, की गल्ली नको, घर सांगा. आमचा माणूस एका घराला येतो, गल्लीला येत नाही. आणि घर कोणतं ते गल्लीप्रमुखाने स्वतः खात्री करून कळवावं, म्हणजे फेरा फुकट जाणार नाही. अग्निशमनवाल्यांनी विचारलं, की ज्वाळा दिसते का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले की गाडी दुसरीकडे गेलीय, येईल, तोवर वास कुठला ते शोधून ठेवा.

म्हणजे फिरून सगळं नाकावर.

पाक विद्यात्मोको निघाले. पुढे ते, मागे गल्ली. पहिल्या घरात ते स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, मान वर केली. इतकी शांतता झाली की बू कस्मिनाहच्या नातीने अंगठा चोखल्याचा आवाज ऐकू आला. आत काहीच नव्हतं. म्हणजे हवेत होतं की नव्हतं ते देव जाणे, नाकात काहीच नव्हतं. "इथे नाही," ते म्हणाले. त्या घरच्या बाईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या निःश्वासासरशी पाक विद्यात्मोको यांच्या पाठीतून घामाची धार उतरली. दुसरं घर. "नाही." तिसरं. एका स्वयंपाकघरात लोक नाक दाबून उभे होते, म्हणून त्यांनी तिथे जरा जास्त वेळ मान वर ठेवली. मग कळलं की तिथे सुकट वाळत घातलं होतं. प्रत्येक घरागणिक "नाही" म्हणणं सोपं होण्याऐवजी अवघड होत गेलं. शेवटी शेवटी तर त्यांना स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला.

शेवटच्या घराच्या पायरीवर उभं राहून ते म्हणाले, "गॅस कुठेही नाही. गटाराचा वास आहे. उद्या साफ करून घेऊ."

पाकनी सांगितलं म्हटल्यावर संपलं. लोक पांगायला लागले. उशीर झाला, पोरं भुकेली आहेत, असं बायका बोलत होत्या. बू कस्मिनाह नातीला दुसऱ्या कडेवर घेत वळल्या आणि सहज, रोजच्यासारखं म्हणाल्या, "मग पाक, शेगडी पेटवू ना?"

पाक विद्यात्मोको यांनी तोंड उघडलं. हो एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून त्यांनी इतक्या वेळा नाही म्हटलं होतं की एक हो अवघड नव्हता. पण ती पोरगी त्यांच्याकडे बघत होती, अंगठा तोंडात, आणि तिच्या कपाळावर पावडरीचा पांढरा डाग होता. तो डाग त्यांना अगदी स्पष्ट दिसला.

"नको," ते म्हणाले.

"काय?"

"पेटवू नका. कुणीच काही पेटवू नका." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "मला वास येत नाही. तापानंतर गेलाय. सकाळपासून मी नुसता उभा राहत होतो."

पाक विद्यात्मोको यांना वाटलं होतं की हे वाक्य उच्चारलं की आभाळ कोसळेल; आभाळ जागच्या जागी होतं, नुसते सगळ्यांचे डोळे त्यांच्या नाकावर होते. बू कस्मिनाह यांना बहुधा आपले पाहुणे आठवत होते. मग पाक गुनार्दी पुढे झाले. "हे मागाहून बघू," ते म्हणाले, "आता नाकं आहेत त्यांनी कामाला लागावं." आणि ते सैन्यातल्या शिस्तीने गुडघ्यावर बसून गटाराचा काठ हुंगायला लागले. त्यांच्यामागे आणखी दोघं वाकले. वास गटारातून वर येत होता हे खरंच होतं. पण वरच्या अंगाला तो दाट होत होता. ते हुंगत हुंगत चढ चढले, एका मोरीच्या तोंडाशी थांबले, आणि पाक गुनार्दींनी नाकावर हात धरून वर पाहिलं.

"पाक, हा तर तुमच्या घरातून येतोय."

पाक विद्यात्मोको यांनी गल्लीतली सगळी घरं तपासली होती. आपलं तपासलं नव्हतं. गल्लीप्रमुखाच्या घरात गॅस गळत असेल ही कल्पना त्यांनाच काय, कुणालाच शिवली नव्हती. तरी ते म्हणाले, की असं कसं होईल, घरात माणूस असेल तर कळेलच की.

"बू मूर्तीनिंग आत आहे," बू कस्मिनाह म्हणाल्या. "तुम्ही गटाराचा वास म्हणालात तेव्हाच आली. चहा टाकते म्हणाली."

"मग बघा," पाक विद्यात्मोको म्हणाले. "गॅस असता तर तिला आल्या आल्या..."

वाक्य तिथेच अडकलं. काळा टेम्पे त्यांच्या डोळ्यांसमोर आला. खालून लागलेला भात. दोनदा पडलेलं मीठ. तीस-पस्तीस वर्षांत ही बाई कितीदा रागावली होती, आणि रागावली की उलट जास्तच चांगलं रांधायची, मुद्दाम, त्यांना बोचावं म्हणून. रागात तिने कधी काही जाळलं नव्हतं. आणि ताप काय त्यांना एकट्याला आला होता? शेजारच्या पलंगावर तीही तशीच पडून होती, एकाच बाटलीतलं तेल दोघांनी छातीला लावलं होतं.

पाक विद्यात्मोको धावले. गुडघेदुखीमुळे ते कित्येक वर्षांत धावले नव्हते. ओसरी ओलांडली आणि तोच आतून आवाज आला. टक्. शेगडीची कळ फिरवल्याचा. ती शेगडी जुनी होती, एका झटक्यात कधी पेटत नसे. खटका उडायचा आणि ठिणगी मधेच मरायची. ती बदलायची म्हणून बू मूर्तीनिंग वर्षभर मागे लागली होती आणि पाक विद्यात्मोको वर्षभर बघू म्हणत होते. टक्. ओरडावं तर ती दचकून आणखी जोरात फिरवेल असं त्यांना वाटलं, आणि ओरडायला छातीत दमही नव्हता. ते स्वयंपाकघरात शिरले तेव्हा ती पाठमोरी उभी होती, चहाचं भांडं ठेवलेलं, तिसऱ्यांदा कळ दाबायला बोटं आवळलेली. त्यांनी मागून तिचा हात धरला.

"सोड."

"अहो, काय झालं काय?"

"गॅस आहे."

"कुठे?" बू मूर्तीनिंगने विचारलं.

मागे दारात पाक गुनार्दी सदऱ्याने नाक-तोंड झाकून उभे होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या घरची बाई त्या सगळ्याच्या मधोमध उभी राहून विचारत होती, कुठे. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला येतोय वास?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"मग?"

"गल्लीला येतोय."

पुढचं झटपट झालं. बू मूर्तीनिंगला त्यांनी अंगणात नेलं, पाक गुनार्दींनी खिडक्या उघडल्या, दोघांनी मिळून सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला आणि सिलिंडर परसात केळीखाली नेऊन ठेवला. तोंडावरचं रबराचं कडं वाळून तडकलं होतं, बोटाने दाबलं तर तुकडा पडला. आदल्या दिवशी साबणाचं पाणी लावून पाहिलं असतं तर पोरालाही कळलं असतं. पण नाकावर एवढा विश्वास असलेला माणूस साबण कशाला लावेल? काही वेळाने अग्निशमनची गाडीही आली. त्या लोकांनी सगळं बघितलं, एक तास दारंखिडक्या उघड्या ठेवा म्हणाले, आणि घरात कुणाला वास आला नाही का, असं विचारलं. त्यावर गल्लीतल्या सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

ती दोघं परसातल्या पायरीवर बसून राहिली. तिनेच सुरुवात केली. तिचाही वास त्याच तापात गेला होता. पण ज्या बाईचा ठेचा लोक वाटी घेऊन मागायला येतात तिने कुणाला काय सांगायचं? आणि नवऱ्याला सांगावं तर त्याचं नाक एवढं तल्लख. तो बसून चुका काढेल. तो तर काळ्या टेम्पेलाही खमंग म्हणत होता, तेव्हा तिला वाटलं की हा टोमणा मारतोय.

"आणि ती बाटली?" पाक विद्यात्मोको यांनी विचारलं. "अत्तराची. ती सापडली होती तुला?"

"सापडली. कस्मिनाह म्हणाली होती गुलाबाचं अत्तर. मी उघडून हुंगली, तर वासच नाही. माझं नाक गेलंय हे मला ठाऊक होतं, तरी वाटलं, एवढंसुद्धा नाही म्हणजे हे अत्तर नसणार. कुणीतरी बाईने तुम्हाला मंतरलेलं पाणी दिलं असणार. मी ते केळीच्या मुळाशी ओतून टाकलं."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. मग तुम्हाला संशय नको म्हणून बाटलीत नळाचं पाणी भरून ठेवलं."

पाक विद्यात्मोको यांनी केळीकडे पाहिलं. लांबच्या कबरस्तानातला तो पुसट गुलाब, डोळ्यांत आलेलं पाणी, त्या आनंदात जोडलेला सिलिंडर. नळाचं पाणी. त्यांना हसू यायला लागलं ते आवरेना, आणि ते हसताहेत की रडताहेत ते कळेना म्हणून बू मूर्तीनिंग आधी घाबरली आणि मग तीही हसायला लागली. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या बू कस्मिनाह यांनी मागाहून सगळ्यांना सांगितलं, की गॅस दोघांच्या डोक्यात गेला होता.

त्या आठवड्यात बैठक झाली. पाक विद्यात्मोको यांनी उभं राहून सगळं सांगितलं. आंबलेल्या रश्श्याबद्दल बू कस्मिनाह यांची माफी मागितली आणि गल्लीप्रमुखपदाचा राजीनामा दिला. आवाज स्थिर ठेवायचा त्यांनी आटोकाट प्रयत्न केला. आता पाक गुनार्दी उठतील आणि पद स्वीकारतील, अशी त्यांची समजूत होती. कुणीतरी तसं विचारल्यावर पाक गुनार्दी उठले आणि म्हणाले, की आपल्याला विचारलं गेलं यातच सगळं आलं, बाकी गुडघे दुखतात. दुसऱ्या एकाची सून आजारी होती, तिसऱ्याचं दुकान. सगळ्यांनी चहा संपवला आणि एकमताने ठरलं की पाकनीच पुढे चालवावं. वासाचं काम तेवढं बू कस्मिनाह बघतील. राजीनामासुद्धा कुणी घेत नाही, हे त्यांना जरा लागलंच.

एक मात्र झालं. त्या बैठकीत आणखी चौघांनी कबूल केलं की त्यांचाही वास त्याच सर्दीत गेलाय. त्यातला एकजण तर चहाची टपरी चालवत होता.

आता न्हाणीघराला कडी लागत नसे. सकाळ-संध्याकाळ दोघं ओसरीवर समोरासमोर बसत, मधे चार बाटल्या, त्यातली एक नव्याने आणलेली. डोळे मिटून एकमेकांना बाटल्या देत. आठवायचं काम दोघांनी वाटून घेतलं होतं. लवंग म्हणजे तिच्या वडिलांची लवंगा घातलेली विडी, ती सांगे. अंगणात बसून ओढायचे, आणि तिच्या शाळेच्या झग्यालासुद्धा तो वास असायचा. लिंबू म्हणजे ते दोघं लग्नानंतर पहिल्यांदा समुद्रावर गेले होते आणि तिला बस लागली होती. हे पाक विद्यात्मोको विसरले होते. कितीतरी गोष्टी ते विसरले होते, आणि वास नसताना त्या एकेक करून परत येत होत्या. नाक तेवढं आलं नाही. किती महिने गेले ते त्यांनी मोजणं सोडून दिलं. एकदा अवघ्या चार दिवसांकरता बू मूर्तीनिंगला लिंबू आलं आणि पुन्हा गेलं. त्या रात्री ती न जेवता झोपली, आणि त्यांनी आपल्या हाताने भात लावून तिला उठवलं.

मग एका सकाळी पाक विद्यात्मोको कॉफी पिताना एकदम पेला खाली ठेवून उभे राहिले. चेहरा पिळवटलेला. बू मूर्तीनिंग धावत आली. ते म्हणाले, "ही कॉफी सडलीय. जळक्या टायरसारखा वास मारतेय." मग ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनी ऐकलं. त्यांनी पुन्हा पेल्यात नाक घातलं आणि त्यांना ओकारी आली. तिसऱ्यांदा घातलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, की असं होतं. नव्या पेशी उगवल्या की आधी उलटंसुलटं सांगतात, सगळं घाण वाटतं. पण सांगताहेत, हे महत्त्वाचं. धीर धरा, बसेल घडी.

बू मूर्तीनिंगने त्या गुरुवारी गल्लीला जेवण घातलं. तिचं नाक अजून बंदच होतं. तिने अंदाजाने रांधलं आणि बू कस्मिनाह यांनी शेजारी उभं राहून जळतंय, होत आलंय, आणखी मीठ घाल असं सांगितलं. हळदीच्या भाताचा डोंगर झाला, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या, आणि एका वाटीत ठेचा. ओसरीवर चटया टाकल्या होत्या. प्रार्थना झाली. मग सगळे थांबले, कारण पहिला घास पाकनी घ्यायचा होता.

पाक विद्यात्मोको यांनी डोळे मिटले आणि मान वर केली. मग भातावर वाकले, आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की जवळ बसलेला पोरगा मागे सरकला.

"घाण आहे," ते म्हणाले.

ते कोंबडीवर वाकले. "ही तर फारच घाण." अंड्यांपाशी त्यांना शिसारी आली. ठेच्याची वाटी त्यांनी नाकाशी नेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि ती वाटी ते खाली ठेवेनात. "मूर्ती," ते म्हणाले, "इतकं घाणेरडं मी जन्मात काही हुंगलं नाही."

त्या गल्लीत बू मूर्तीनिंगच्या स्वयंपाकाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिने पदर तोंडाला लावला. मग तिने पळीभर ठेचा आणखी त्यांच्या पानात वाढला आणि म्हणाली, "नीट हुंगा. अजून घ्या."